सीरियातल्या छळाच्या नोंदी लोकांनी ठेवल्या कशा आणि त्यांचं पुढे झालं काय?

शांभवी

नमस्कार. बरेच दिवस सीरियाबद्दल मिळेल ते वाचतेय आणि आता इथे विचारल्याशिवाय राहवत नाहीये. ८ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष बशर असद देश सोडून पळाला आणि सैदनायाचा तुरुंग उघडला तेव्हाचे फोटो तुम्हाला आठवत असतील. हजारो लोक आपापली माणसं शोधत त्या तुरुंगात फिरतायत, खाली फरशीवर रजिस्टरं, फायली, सुटे कागद यांचा नुसता खच पडलाय, कोणी मोबाईलचा टॉर्च मारून एकेका पानावर नाव शोधतोय आणि त्याच पानांवरून बाकीच्यांचे पाय जातायत. मानवी हक्क संघटना आणि सैदनायातून सुटून आलेल्या कैद्यांची संघटना कळकळीने सांगत होत्या की कागद जपा, हे पुरावे आहेत, नंतर हेच लागणार आहेत. पण ज्या आईचा पोरगा दहा वर्षांपूर्वी उचलून नेलाय आणि तो आहे की गेला तेही तिला कोणी सांगितलेलं नाही, तिला कागदाला हात लावू नका असं कोण कुठल्या तोंडाने सांगणार?

तर माझे प्रश्न असे. २०११ पासून इतकी वर्षं, पकडले गेलो तर आपणही तिथेच जाणार हे पक्कं माहीत असताना लोकांनी नोंदी ठेवल्या कशा? नक्की काय लिहून ठेवायचे? आणि समोर एकही कोर्ट नाही, विचारणारं कोणी नाही, अशा वेळी ते कशाच्या भरवशावर लिहीत होते? किती भयंकर, किती वाईट असे प्रतिसाद नकोत, ते मलाही दिसतंय, प्रत्यक्षात काम कसं चालायचं ते समजून घ्यायचंय. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुना वाचक

चांगला विषय काढलात. जमेल तसं लिहितो, बाकीचे भर घालतीलच.

पहिलं नाव घ्यायला हवं ते रझान झैतुनेचं. ही दमास्कसची वकील, राजकीय कैद्यांच्या केसेस २०११ च्या खूप आधीपासून लढवायची. असदविरोधी आंदोलन सुरू झालं मार्च २०११ मध्ये आणि पुढच्याच महिन्यात तिने आणि तिच्या सोबत्यांनी व्हायोलेशन्स डॉक्युमेंटेशन सेंटर सुरू केलं. काम काय तर प्रत्येक मेलेल्या, पकडलेल्या, गायब झालेल्या माणसाची एक नोंद. नाव, गाव, तारीख, कशाने मेला, नागरिक होता की हत्यारबंद, सोबत फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तो. वाचायला अगदी रूक्ष वाटतं, पण ह्या रूक्षपणातच सगळं आहे. 'शुक्रवारी खूप लोक मारले' हे वाक्य सरकार एका मिनिटात खोटं म्हणून उडवून लावतं. अमुक नावाचा, अमुक गल्लीतला माणूस, जुम्म्याची नमाज सुटल्यावर चौकात मानेत गोळी लागून पडला, हे उडवून लावायचं तर त्या माणसाला जिवंत आणून दाखवावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला ह्या बाईंबद्दल सगळ्यात मोठी वाटते. त्या पोलिसांपासून लपत लपत शेवटी दमास्कसजवळच्या, बंडखोरांच्या ताब्यातल्या दूमामध्ये गेल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये घूतावर, म्हणजे दूमा ज्यात येतं त्या पट्ट्यावर, रासायनिक हल्ला झाला तेव्हा त्यांची टीम तिथेच होती आणि साक्षी नोंदवत होती. पण दूमात राहून त्यांनी तिथल्या बंडखोर गटांनी केलेले अत्याचारही त्याच फॉर्ममध्ये, त्याच रकान्यांत लिहायला सुरुवात केली. आपल्या बाजूचे म्हणून सूट नाही. धमक्या आल्या तरी थांबल्या नाहीत. ९ डिसेंबर २०१३ ला रात्री हत्यारबंद लोक ऑफिसात शिरले आणि रझान, तिचा नवरा वाएल हमादा, समीरा खलील आणि नाझेम हम्मादी ह्या चौघांना घेऊन गेले. संशय जैश अल-इस्लाम ह्या बंडखोर गटावर, त्यांनी कायम नाकारलं. चौघांचा आजपर्यंत पत्ता नाही. गायब झालेल्यांची यादी करणारी माणसं स्वतःच त्या यादीत गेली.

आता 'कसं लिहायचे' ह्याचं एक उदाहरण. मन्सूर ओमारी हा माणूस अशाच एका संस्थेत बेपत्ता लोकांच्या नोंदी ठेवायचा, फेब्रुवारी २०१२ मध्ये ऑफिसवर धाड पडली आणि त्याला उचलला. जमिनीखालची कोठडी, कागद नाही पेन नाही, पण तिथे त्याने आणि आणखी काही कैद्यांनी ठरवलं की जो कोणी आधी सुटेल त्याने सगळ्यांची नावं बाहेर न्यायची. शर्टाच्या चिंध्या घेतल्या. शाई म्हणून हिरड्यांतून येणारं रक्त आणि गजांचा गंज कालवला, कोंबडीच्या हाडाचा बोरू केला. नबील शुर्बजी नावाचा पत्रकार कोठडीत होता, त्याचं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम त्याच्याकडे. ८२ नावं. कैद्यांतच एक शिंपी होता त्याने त्या चिंध्या शर्टाच्या कॉलरमध्ये आणि बाह्यांच्या कफात शिवून टाकल्या आणि मन्सूर तोच शर्ट घालून बाहेर पडला. नावं लिहिणारा नबील पुढे २०१५ मध्ये सैदनायात मेला. तुम्ही विचारलंत कशाच्या भरवशावर, तर त्या कोठडीत कोर्टाचा विचार कोणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. बाहेर कोणाच्यातरी घरी निरोप पोचावा की तुमचा माणूस अमुक तारखेला अमुक ठिकाणी जिवंत होता, एवढंच.

निळी शाई

जुना वाचक यांनी पीडितांची बाजू लिहिली, मी सरकारी कागदांबद्दल लिहिते, कारण माझ्या मते सीरियाच्या बाबतीत सगळ्यात जड पुरावा स्वतः असदच्या यंत्रणेने तयार केलाय.

'सीझर' हे टोपणनाव बहुतेकांनी ऐकलं असेल. हा लष्करी पोलिसांचा फोटोग्राफर. युद्धाआधी अपघात, आत्महत्या, आगी असल्या प्रकरणांचे फोटो काढायचा. २०११ नंतर त्याला दमास्कसच्या लष्करी हॉस्पिटलांत आणल्या जाणाऱ्या कैद्यांच्या प्रेतांचे फोटो काढायला लावलं. हा माणूस दोन वर्षं रोज ड्युटीवर जायचा, रोज त्या फोटोंच्या कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि नाक्यानाक्यावर झडती होत असताना लपवून बाहेर काढायचा. ऑगस्ट २०१३ मध्ये तो देशाबाहेर पडला तेव्हा एकूण ५३,२७५ फोटो बाहेर आले होते. ह्यूमन राइट्स वॉचने २०१५ मध्ये ते तपासले, त्यातले २८,७०७ फोटो कोठडीत मेलेल्यांचे आणि त्यात किमान ६,७८६ वेगवेगळी माणसं. उपासमारीने बरगड्या वर आलेल्या, अंगावर वळ, डोळे काढलेले. त्या फोटोंकडे फार वेळ बघवत नाही हे खरंय, पण तपास करणाऱ्यांनी प्रेतापेक्षा त्याच्याशेजारच्या चिठ्ठीकडे जास्त पाहिलं. प्रत्येक प्रेताला तीन नंबर. एक कैद्याचा, एक त्याला ज्या गुप्तचर शाखेने ठेवलं होतं तिचा, आणि एक डॉक्टरने मृत्यूनंतर दिलेला. मधल्या नंबरवरून कळतं की हा माणूस कोणाच्या ताब्यात मेला. २१५ असेल तर शाखा २१५. पुढचा प्रश्न आपोआप येतो की त्या महिन्यात शाखा २१५ चा प्रमुख कोण होता.

आता कोणालाही वाटेल की मारायचं तर मारा, फोटो काढून पुरावा कशाला तयार करायचा. त्याचं कारण त्या फोटोग्राफरने दिलेल्या जबानीत आहे. एक म्हणजे घरच्यांना प्रेत न दाखवता मृत्यूचा दाखला देता यावा, त्यावर कारण बहुतेक वेळा हृदयविकाराचा झटका किंवा श्वसनाचा त्रास. आणि दुसरं, हुकूम पाळला गेला हे वरच्या साहेबाला दाखवता यावं. खालच्याला वरच्याची भीती, म्हणून प्रत्येक गोष्टीला कागद, प्रत्येक कागदाला सही, प्रत्येक सहीला जावक क्रमांक.

असेच कागद गोळा करायचं काम बिल वायली ह्या कॅनडाच्या तपास अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या संस्थेने केलं, कमिशन फॉर इंटरनॅशनल जस्टिस अँड अकाउंटेबिलिटी, लघुनाम सिजा. एखादं सरकारी ठाणं बंडखोरांच्या हातात पडलं की ह्यांचे सीरियन सहकारी तिथे पोचायचे आणि फायलींचे खोके उचलायचे, मग ते नाक्यांवरून, गाड्यांतून, कधी महिनोनमहिने कुठेतरी दडवून सीमेपार. २०१६ पर्यंतच सहा लाखांवर पानं बाहेर आली होती. त्यात ऑगस्ट २०११ मधला दमास्कसच्या 'क्रायसिस सेल'चा निर्णय आहे, म्हणजे सत्तेच्या अगदी वरच्या वर्तुळाचा, की कोणकोणत्या प्रकारच्या लोकांना पकडायचं, त्यात परदेशी मीडियात सीरियाची बदनामी करणारेही आले, आणि चौकशीत जे निघेल ते वर कळवायचं. हे कागद एका ओळीत लावले की हुकूम वरून खाली कसा उतरला आणि त्याचा रिपोर्ट परत वर कसा चढला ते दिसतं. जखमा दाखवून छळ झाला हे सिद्ध होतं, पण तो कोणाच्या सांगण्यावरून झाला हे सिद्ध करायला कागदच लागतो.

कृष्णमेघ

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, वाचून अंगावर काटा आला. पण मला मनापासून एक विचारायचंय, राग मानू नका. सीझरचे फोटो जानेवारी २०१४ मध्ये सगळ्या जगाने पाहिले. त्याच वर्षी २२ मे ला सुरक्षा परिषदेत ठराव आला की सीरियाचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे द्या, १३ देश बाजूने, रशिया आणि चीनने व्हेटो टाकला, विषय संपला. सीरिया त्या न्यायालयाचा सदस्य नाही त्यामुळे दुसरा रस्ताच नव्हता. त्यानंतरही दहा वर्षं असद खुर्चीवर होता आणि शेवटी रशियात जाऊन बसला. एवढी माणसं जीव धोक्यात घालून, काही तर जीव गमावून पुरावे गोळा करतात आणि ज्याच्याविरुद्ध गोळा केले तो सुखरूप. मग त्या माणसांशी आपण खरं बोललो का, की तुम्ही लिहा, न्याय मिळेल? मला हा प्रश्न फार छळतो.

एक वकील

कृष्णमेघ, राग कशाला मानायचा, ह्या कामातली माणसं स्वतःलाच हा प्रश्न विचारत असतात. मी थोडं कायद्याच्या अंगाने लिहिते, लांबेल.

व्हेटोने एक दार बंद केलं, बरोबर. पण जर्मनीत २००२ पासून कायदा आहे की मानवतेविरुद्धचे गुन्हे कुठेही घडोत, कोणीही करो, कोणावरही होवोत, खटला जर्मन कोर्टात चालू शकतो. आणि सीरियातून लाखो लोक जर्मनीत निर्वासित म्हणून आले तेव्हा त्यांच्यात छळलेले होते तसे छळणारेही होते. अन्वर रस्लान हा दमास्कसच्या गुप्तचर शाखा २५१ च्या चौकशी विभागाचा प्रमुख, कर्नल. २०१२ च्या शेवटी सरकारला सोडून पळाला आणि २०१४ मध्ये बर्लिनला आला. तिथल्या निर्वासित छावणीजवळ अन्वर अल-बुन्नी ह्या सीरियन वकिलाला तो दिसला, ह्याच माणसाने आपल्याला २००६ मध्ये अटक केली होती असं बुन्नींना मागाहून लक्षात आलं. आणि रस्लान स्वतःच बर्लिनच्या पोलिसांकडे तक्रार घेऊन गेला की सीरियन हेर माझ्या मागावर आहेत, तिथे स्वतःच्या हाताने आपली जुनी नोकरी लिहून दिली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अटक, एप्रिल २०२० मध्ये जर्मनीतल्याच कोब्लेंझ शहरात खटला सुरू, १३ जानेवारी २०२२ ला जन्मठेप. २७ खून आणि किमान ४,००० लोकांचा छळ. सोबतचा दुय्यम, इयाद अल-घरीब, त्याला आधीच फेब्रुवारी २०२१ मध्ये साडेचार वर्षं. असदच्या यंत्रणेने कोठडीत केलेल्या छळावरचा हा जगातला पहिला फौजदारी खटला.

आता त्या कोर्टात काय काय उघडलं ते बघा. सीझरचे फोटो, न्यायवैद्यक तज्ज्ञाने एकेक फोटो बघून मारहाणीच्या खुणा आणि उपासमारीच्या खुणा वेगळ्या करून सांगितल्या. निळी शाई यांनी लिहिलेल्या संस्थेने आणलेले कागद. सुटलेल्या कैद्यांच्या साक्षी. आणि एक कबर खणणारा, त्याचं नावही उघड केलं नाही, तोंड झाकून कोर्टात बसला आणि सांगितलं की हॉस्पिटलांतून फ्रीजच्या ट्रकमधून प्रेतं यायची, ती कुठे आणि कशी पुरली. फोटोतला मधला नंबर, कैद्याच्या आठवणीतला जिना आणि कबर खणणाऱ्याने पाहिलेली ट्रकची फेरी हे तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी, एकमेकांना न भेटता सांगितलेलं, एकमेकांना जुळलं. असं जुळायचं तर प्रत्येकाने आपापला तुकडा त्या त्या वेळी जपलेला असावा लागतो, २०१९ मध्ये अटक झाल्यावर २०१२ चा पुरावा गोळा करायला कोणी जाऊ शकलं नसतं.

मे २०२४ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने अली ममलूक, जमील हसन आणि अब्देल सलाम महमूद ह्या तिघा बड्या अधिकाऱ्यांना गैरहजेरीत जन्मठेप दिली, एका सीरियन-फ्रेंच बाप-लेकाच्या खुनाच्या प्रकरणात. ते हजर नव्हते हे मान्य, पण तेव्हा असद अजून सत्तेत होता आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसांची नावं निकालपत्रात आली.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र मी हो असं देणार नाही. साक्षीदाराला 'न्याय मिळेल' असं सांगणं चूक आहे आणि चांगले नोंद करणारे ते सांगत नाहीत. ते सांगतात की तुमची साक्ष कुठे ठेवली जाईल, कोणाला दाखवली जाईल, कोणाला नाही, नाव लपवायचं का, आणि उद्या तुमचं मन बदललं तर काय. ह्या गोष्टी आधी नीट बोलल्याच पाहिजेत, कारण कोब्लेंझला साक्ष द्यायला आलेल्या काहींच्या घरच्यांना सीरियात धमक्या गेल्या आणि त्यामुळे काहीजण मागे हटले. त्यांना दोष देता येत नाही.

कृष्णमेघ

धन्यवाद, हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. बर्लिनचा प्रसंग तर माहीतच नव्हता.

टेकडीवरचा

व्हिडिओबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, हा माझ्या आवडीचा विषय. सीरियाचं युद्ध मोबाईलवर शूट झालेलं पहिलं मोठं युद्ध असं म्हणता येईल. लाखो क्लिप. त्यात खोट्या पण येतात, दुसऱ्या देशातला जुना व्हिडिओ सीरियाचा म्हणून फिरवणं हे दोन्ही बाजूंनी झालंय. तर सीरियन अर्काइव्हसारख्या गटांनी पद्धत बसवली. आधी मूळ फाईल जशीच्या तशी साठवायची आणि तिचा डिजिटल ठसा काढून ठेवायचा, म्हणजे नंतर एक फ्रेम जरी बदलली तरी कळेल. मग व्हिडिओत मागे दिसणारा मिनार, पाण्याची टाकी, रस्त्याचं वळण हे उपग्रहाच्या फोटोशी जुळवायचं, सावलीवरून वेळ काढायची, त्याच घटनेचा दुसऱ्या कोपऱ्यातून काढलेला व्हिडिओ शोधायचा. एका क्लिपवर विश्वास ठेवायचा नाही, तीन लोकांनी तीन गच्च्यांवरून काढलेला धूर एकाच ठिकाणाहून निघत असला पाहिजे.

पण २०१७ मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर आपोआप ओळखून काढणारी यंत्रणा लावली आणि सीरियातले लाखो व्हिडिओ, अख्खीच्या अख्खी चॅनेलं उडाली. ज्याने अपलोड केलं तो कित्येकदा मेलेला, मूळ फोन बॉम्बखाली गेलेला, म्हणजे तीच एकमेव प्रत. भांडून काही परत आणले, सगळे नाही. त्यामुळे सोशल मीडियावर टाकलंय म्हणजे जपलं गेलंय असं कोणीही धरून चालू नये, ती कंपनी तिच्या नियमाने चालते.

आणि तदामोनचं प्रकरण. एप्रिल २०१३ मध्ये दमास्कसच्या तदामोन भागात लष्करी गुप्तचर खात्याच्या माणसांनी डोळे बांधलेल्या लोकांना एकेक करून खड्ड्याकडे पळायला लावून गोळ्या घातल्या, ४१ माणसं, आणि स्वतःच व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ एका सरकारी लॅपटॉपवर एका पोराला सापडला, त्याने जीव मुठीत धरून बाहेर पाठवला. अॅम्स्टरडॅममधल्या अन्सार शहूद आणि उगुर उमित उंगोर ह्या दोन संशोधकांनी फेसबुकवर सरकारसमर्थक बाईचं खोटं अकाउंट उघडून त्या खात्याच्या लोकांशी ओळखी वाढवल्या आणि त्यातला गोळ्या घालणारा चेहरा शोधून काढला, त्याच्याशी बोलले, त्याने कबूलही केलं. एप्रिल २०२२ मध्ये हे छापून आलं. शहूद बाईंनी कित्येक महिने अशा माणसांशी गोड बोलत काढले, त्याचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल ते आपण कल्पनाच करू शकतो.

सैदनायाचं तर ह्याच्या उलट. तिथला एकही फोटो बाहेर नव्हता आणि कैद्यांच्या डोळ्यांवर कायम पट्टी किंवा हात, मान वर करायची बंदी. २०१६ मध्ये अॅम्नेस्टी आणि लंडनच्या फॉरेन्सिक आर्किटेक्चर ह्या संशोधक गटाने सुटलेल्या कैद्यांना बसवून आवाजांवरून तुरुंगाचा नकाशा केला. दार किती जाड वाजायचं, पावलं कुठून कुठे जायची, मारहाणीचा आवाज पाइपातून कसा यायचा.

शांभवी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून एक शंका. मेलेल्यांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसतात, कोणी तीन लाख कोणी पाच लाख, मग ह्या नोंदी न मानणारे म्हणतात की बघा ह्यांचंच एक नाही. नोंदी इतक्या काटेकोर असतील तर आकडा एक का नाही?

जुना वाचक

कारण प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. संयुक्त राष्ट्रांनी तर जानेवारी २०१४ मध्ये मोजणं थांबवलंच होतं, खात्री करता येत नाही म्हणून. मग सप्टेंबर २०२१ मध्ये ३,५०,२०९ हा आकडा दिला. त्यात फक्त तेच मृत्यू धरलेत ज्यांचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि प्रांत हे तिन्ही माहीत आहे. एक जरी गोष्ट नसेल तर ते नाव बाहेर. त्यामुळे तो आकडा कमीत कमी आहे, हे त्यांनीच सांगितलं.

जून २०२२ मध्ये दुसरा आकडा आला, मार्च २०११ ते मार्च २०२१ ह्या दहा वर्षांत ३,०६,८८७ नागरिक. हा अंदाज आहे, पण हवेतला नाही. त्यातले १,४३,३५० नोंदीत सापडलेले आणि बाकीचे गणिताने काढलेले. वेगवेगळ्या संस्थांनी स्वतंत्रपणे केलेल्या याद्या समोर ठेवायच्या आणि किती नावं दोन-तीन याद्यांत सामाईक आहेत ते बघायचं. बरीचशी सामाईक असतील तर सुटलेली माणसं थोडी. सामाईक फारच कमी निघाली तर समजायचं की बाहेर राहिलेले खूप आहेत. म्हणून एकाच कामाच्या पाच याद्या असणं हा गोंधळ नाही, पाच याद्या नसत्या तर हा हिशेब करताच आला नसता. पहिला आकडा सगळ्यांचा, लढणारेही त्यात, दुसरा फक्त नागरिकांचा, हे न बघता दोन्ही शेजारी ठेवले की भांडण होणारच.

निळी शाई

ह्यात चिलीचं एक उदाहरण घालते, कारण कृष्णमेघ यांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. हुकूमशहा पिनोशेच्या काळात सांतियागोच्या चर्चने १९७६ मध्ये कार्डिनल सिल्वा एन्रिकेस यांच्या पुढाकाराने विकारिया दे ला सोलिदारिदाद नावाची कचेरी सुरू केली. माणूस उचलला की घरचे तिथे यायचे, वकील लगेच कोर्टात अर्ज टाकायचे की ह्याला हजर करा. हजारो अर्ज, आणि कोर्टाने जवळजवळ सगळे फेटाळले. तरी टाकत राहिले. कारण फेटाळलेल्या अर्जावरही कोर्टाचा शिक्का आणि तारीख असते, आणि 'असा माणूस आमच्याकडे नाही' असं सरकारने लेखी दिलेलं उत्तर असतं. १९९० मध्ये लोकशाही आली, त्या अत्याचारांचा शोध घेणारा रेटिग आयोग बसला आणि त्याने १९९१ मध्ये अहवाल दिला तो बऱ्याच अंशी ह्या कचेरीच्या फायलींवर उभा होता. पुढे जे अधिकारी तुरुंगात गेले त्यांच्या खटल्यांतही तेच कागद आले. हरलेल्या अर्जांचं ते कपाट होतं आणि ते सांभाळणाऱ्यांना आपण काय सांभाळतोय हे चांगलं कळत होतं.

एक वकील

निळी शाई, ह्या उदाहरणासाठी विशेष आभार. त्यावरून कोब्लेंझबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली, जी मला आजही खटकते. खटला जर्मनीत, भाषा जर्मन. प्रेक्षागृहात बसलेल्या सीरियन लोकांना, ज्यांची भावंडं त्या शाखेत मेली त्यांना, सुरुवातीला अरबी भाषांतर ऐकायची सोय नव्हती. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाकडे जावं लागलं तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये फक्त अधिकृत पत्रकारांना ती मिळाली. आणि इतिहासासाठी खटल्याचं ध्वनिमुद्रण करा अशी मागणी झाली ती कोर्टाने नाकारली. म्हणजे असदच्या छळयंत्रणेवरचा पहिला खटला, शंभरावर दिवस चालला, आणि त्याचा अधिकृत आवाज कुठेही नाही. संस्थांची माणसं मागे बसून हाताने टिपणं काढत राहिली, आज अरबीत जे काही वाचायला मिळतं ते बरंचसं त्या टिपणांवरून. नोंदींच्या जोरावर उभ्या राहिलेल्या खटल्याचीच नोंद ठेवायला कोर्ट तयार नसावं हे मला पटत नाही. खटला चालवणाऱ्या यंत्रणेने हा विचार पहिल्या दिवशी करायला हवा होता.

शांभवी

हे वाचून खरंच वाईट वाटलं. आता असद गेला, आता तरी हे काम सीरियातच, त्यांच्याच भाषेत होईल ना?

टेकडीवरचा

सुरू झालंय, पण अवघड आहे. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने, सुरक्षा परिषद अडकली म्हणून, पुरावे एकत्र जपणारी आणि खटल्यांसाठी तयार ठेवणारी यंत्रणा उभी केली होती, जिनेव्हात. २०२३ मध्ये बेपत्ता लोकांसाठी वेगळी संस्था केली. असद असताना ह्यांना देशात पाऊल ठेवता आलं नाही, आता जाता येतं. बेपत्ता एक लाखाहून जास्त आहेत. दमास्कसच्या बाहेर नजहा, कुतैफा इथे सामूहिक कबरी आहेत, त्या घाईने उकरल्या तर हाडं एकमेकांत मिसळतील आणि कोण कुठलं हे कायमचं जाईल, म्हणून थांबायला सांगतायत आणि घरच्यांना थांबणं अशक्य होतंय. शांभवी यांनी सुरुवातीला सैदनायाच्या कागदांबद्दल जे लिहिलं तोच पेच.

मे २०२५ मध्ये नव्या सरकारने दोन आयोग नेमले, एक बेपत्तांसाठी, एक संक्रमणकालीन न्यायासाठी, म्हणजे राजवट बदलल्यावर मागच्या गुन्ह्यांचा निवाडा करण्यासाठी. दुसऱ्याच्या कक्षेत फक्त जुन्या राजवटीचे गुन्हे आहेत, बाकी कोणाचे नाहीत, आणि ह्यावर सीरियातल्याच मानवी हक्कवाल्यांनी लगेच आक्षेप घेतला. कारण त्याआधी मार्च २०२५ मध्ये किनाऱ्यावरच्या भागात असद ज्या पंथाचा त्या अलवी लोकांच्या कत्तली झाल्या, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने सुमारे १,४०० मृत्यू धरलेत, त्यात बहुतेक नागरिक, आणि मारणाऱ्यांत नव्या सरकारच्या बाजूचे हत्यारबंद होते. रझान झैतुनेला दूमामध्ये ज्यांनी उचललं असा संशय आहे तेही असदचे नव्हते, म्हणजे तिची केस ह्या आयोगापुढे येणारच नाही.

सीरियन नेटवर्क फॉर ह्यूमन राइट्स जून २०११ पासून असदविरुद्ध नोंदी ठेवत होतं, मार्चमधल्या किनाऱ्यावरच्या कत्तलींची मोजणीही त्यांनीच घटना घडत असताना केली आणि आकडे रोजच्या रोज सुधारून छापले. तेच रकाने, नाव, गाव, तारीख, कोणी मारलं. तुमच्यापैकी कोणाला पुढचं वाचायचं असेल तर त्यांचे महिन्याचे अहवाल इंग्रजीत नियमित येतात, तिथून सुरुवात करा, आणि त्यात आकड्याच्या आधी 'ही नोंद कशी केली' असा भाग असतो तो वगळू नका.